हात दाखवून अवलक्षण नको!

हातावरची लव आणि काळे डाग : घरी काय करावं, काय टाळावं

चेहऱ्याला क्रीम मिळतं, केसांना तेल मिळतं, पायांच्या भेगांनासुद्धा थंडीत कोकमतेल मिळतं. हातांच्या वाट्याला मात्र येते भांड्यांची पावडर, कपड्यांचा साबण, तव्याचा चटका आणि ऊन. आणि गंमत अशी की चारचौघांत सगळ्यांत आधी पुढे होतात ते हातच! संक्रांतीचं वाण घ्यायला हात, बाळंतिणीच्या बाळाला घ्यायला हात, लोकलमध्ये दांडी धरायलाही हातच. अशा वेळी एखादी सहज बोलून जाते, "अगंबाई, केवढी ही लव!" नाहीतर "हे काळं काळं काय झालंय गं हातावर?" बोलणारी विसरते, पण ज्या बाईचा हात असतो तिच्या मनात तो शब्द रुतून बसतो.

मग सुरू होतात उपाय. शेजारणीने सांगितलेलं लिंबू, भावजयीने सांगितलेला सोडा, पार्लरमधून आणलेली बिनानावाची डबी. कधी थोडा गुण येतो, कधी नाही. आणि पुष्कळदा होतं काय, तर जे साधं होतं ते बिघडतं. आपल्याकडे म्हण आहेच, हात दाखवून अवलक्षण! म्हणून उपाय करण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे घालवण्यासारखं आहे का? घरी घालवता येईल का? की हात आपल्याला शरीराच्या आतलं काही सांगतो आहे? सारा लेख या तीन प्रश्नांचाच आहे.

आरेच्या रस्त्यावरचे हात

मुंबईच्या उपनगरांत हातांवर कायकाय बेततं हे पाहायचं असेल, तर गोरेगावच्या आरे कॉलनीसारखी जागा नाही. शहरात ठिकठिकाणी असलेले म्हशींचे गोठे एका जागी हलवावेत आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावं, म्हणून १९४९ साली ही वसाहत उभी राहू लागली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. यामागे धडपड होती ती दूध आयुक्त दारा खुरोडी यांची. १९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या जोडीने. तीन हजार एकरांहून मोठा हा मुलूख. त्यात तबेल्यांची युनिटं, म्हशींसाठी वाढवलेलं पॅरा गवत, छोटा काश्मीरची बाग आणि या सगळ्याच्या आधीपासून इथे राहणाऱ्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांचे पाडे.

या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं तर हातांचे किती प्रकार दिसतात पाहा. स्कूटरवरून कामाला निघालेली मुलगी खांद्यापर्यंत हातमोजे चढवून, तोंडाला ओढणी गुंडाळून जाते. फिरायला आलेल्या बायका झपझप पावलं टाकतात. चेहऱ्याला क्रीम लावलेलं असतं, हात मात्र कोपरापासून उघडे. पावसाळ्यात पाड्यावरची बाई टाकळा, कुर्डू, शेवळं खुडून टोपली भरते, आणि तिच्या हातांना ऊन, चिखल, काटे, खाज सगळंच लागतं. दिवसभर कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात असणारे हातही इथलेच, आसपासच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्यांचे.

एकीचा हात झाकलेला, एकीचा उघडा, एकीचा राबलेला. पण हातावरचे डाग येतात कुठून, याचं उत्तर बहुतेक वेळा या तिघींच्या दिवसातच सापडतं. ते ऊन, खाज आणि साबण यांत असतं. त्याचा विचार पुढे करूच. आधी लव.

लव : किती असावी?

पहिली गोष्ट ही, की हातावर लव असणं हा दोष नाही. माणसाच्या तळहात, तळपाय, ओठ अशा थोड्या जागा सोडल्या तर सगळ्या अंगावर लव असते. ती कुणाची बारीक, कुणाची दाट, हे बहुतेक करून घराण्यावर असतं. आईचे, आत्याचे हात पाहा, उत्तर तिथेच मिळेल.

"हातावर लव फार, म्हणजे हार्मोन्सची काहीतरी गडबड," असं हल्ली सर्रास बोललं जातं. हे मनातून काढून टाका. १९६१ साली लंडनमधल्या फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी बायकांच्या अंगावरच्या केसांची मोजणी करण्याची पद्धत बसवली. तेव्हा त्यांनी शरीराच्या ११ जागा घेतल्या होत्या. पण कोपरापासून मनगटापर्यंतची आणि पोटऱ्यांवरची लव संप्रेरकांवर फारशी अवलंबून नसते असं दिसलं, म्हणून या दोन जागा पुढे वगळल्या गेल्या. आज डॉक्टर पाहतात त्या ९ जागा. ओठांच्या वर, हनुवटी, छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या अशा त्या जागा. म्हणजे नुसत्या मनगटावरच्या लवेवरून कुणी तुम्हाला घाबरवत असेल तर घाबरू नका.

मात्र पाळी लांबते आहे किंवा चुकते आहे, हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत, मुरमं थांबत नाहीत, वजन वाढतं आहे, अशी लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टरांकडे जायला हवं. अंडाशयाच्या पीसीओएस या तक्रारीत असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर मुळीच वाट पाहू नका.

काढायचीच असेल तर

नको असेल तर काढा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ठेवायची असेल तर ठेवा, त्यातही नाही! काढायच्या रीती मात्र नीट समजून घ्या.

*वस्तरा किंवा रेझर.* "एकदा वस्तरा लावलास की केस दुप्पट जाड येतात," हे आपण आईकडून ऐकलं, तिने तिच्या आईकडून. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी हे मोजून पाहिलं. केसांची जाडी, रंग, वाढण्याचा वेग, कशातच फरक पडला नाही. मग जाड का वाटतात? केसाचं टोक निमुळतं असतं. वस्तऱ्याने ते बोथट कापलं जातं, म्हणून उगवताना खुटासारखं टोचतं. रेझर वापरायचं तर स्वतःचं वेगळं, धारेचं असावं. हात ओला करून साबण लावावा आणि केसांच्या दिशेने हलकेच फिरवावं. कोरड्या हातावर ओढलं की पुरळ उठतं, आणि पुरळाचे डाग राहतात.

*साखरेचं वॅक्स.* हे घरी होतं आणि स्वस्त पडतं. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहा. पाक मधाच्या रंगाचा झाला की एक थेंब गार पाण्यात टाकून पाहा. मऊ गोळी वळली, म्हणजे आपल्या भाषेत गोळीबंद पाक झाला, की गॅस बंद. पुढे गेला तर दगड होतो, अलीकडे राहिला तर नुसता चिकटतो. आता सर्वांत महत्त्वाचं : हा पाक उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला असतो. मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा, आणि पूर्ण कोमट झाल्याशिवाय हाताला लावू नका. घाईने लावलेल्या वॅक्सचा चटका हे डागांचं मोठं कारण आहे.

हात स्वच्छ धुऊन कोरडा करा, किंचित पावडर फासा. बोथट सुरीने केसांच्या दिशेने पातळ थर द्या, वर जुन्या सुती कापडाची पट्टी दाबा, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरा आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला समांतर, एका झटक्यात ओढा. वर उचलून ओढली तर कातडी दुखावते. एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढू नका. नंतर गार पाण्याने हात स्वच्छ धुवा, कारण पाकात लिंबू आहे आणि लिंबाचा प्रताप पुढे येणारच आहे! वर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. त्या दिवशी ऊन, सेंट, पोहणं टाळा. जिथे चामखीळ, जखम, पुरळ असेल तिथे वॅक्स नको. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

*केस काढायची क्रीम.* यांतल्या औषधाने केस विरघळतो. पण केस आणि कातडी ही एकाच जातीच्या द्रव्याची बनलेली असतात. जे केसाला विरघळवतं ते जास्त वेळ राहिलं तर कातडीलाही सोडत नाही. म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आत कवडीएवढं लावून पाहावं, पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. "केस राठ आहेत, आणखी पाच मिनिटं राहू दे," हे चालत नाही.

*ब्लीच.* यात केस जात नाहीत, सोनेरी होतात. सावळ्या हातावर ते सोनेरी केस कधीकधी जास्तच उठून दिसतात, एवढं आधी लक्षात घ्या. आग झाली तर तत्काळ धुऊन टाका. वॅक्स आणि ब्लीच एकाच दिवशी नको.

*लेसर.* हा खर्चाचा मामला आहे. एका बैठकीत काम होत नाही. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात, आणि केस पुष्कळ कमी झाले तरी पुढे अधूनमधून एखादी बैठक घ्यावी लागते. आपल्या सावळ्या त्वचेसाठी यंत्राची निवड आणि त्याचा जोर फार जपून ठरवावा लागतो, नाहीतर केस जातात आणि डाग राहतात. म्हणून लेसर करायचंच तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावं. गरोदरपणात नको.

डाग येतात कुठून?

आता आरेच्या रस्त्यावर पाहिलेलं आठवा : ऊन, खाज, साबण.

*ऊन.* हाताच्या पाठीवर, मनगटावर चाळिशीनंतर दिसणारे मसुराएवढे तपकिरी ठिपके बहुतेक उन्हाचे असतात. वर्षानुवर्षांचं ऊन तिथे साठलेलं असतं. आपण चेहरा सावलीत धरतो, हात उन्हात राहतात. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत घालताना पाहा, तीन-चार तास हात थेट उन्हात असतात. यावर क्रीमपेक्षा कापड बरं. पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा गच्चीवर जाताना ब्लाउजवर चढवा. सनस्क्रीन लावायचं तर ३० एसपीएफचं किंवा त्याहून जास्त, आणि हाताच्या पाठीवर विसरू नका. हात धुतले की ते जातं, तेव्हा पुन्हा लावा.

*लिंबू.* डागांवर लिंबू चोळा, असा सल्ला घरोघर दिला जातो. आता नीट ऐका. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात, जी उन्हाशी गाठ पडली की कातडी भाजून काढतात. लिंबू चोळून, किंवा लोणच्यासाठी शेकडा-दोन शेकडा लिंबं चिरून, हात न धुता उन्हात गेलं तर एक-दोन दिवसांत आग होते, कधी फोडही येतात, आणि मग राहतो तो तपकिरी-काळा डाग. तो ओघळासारखा, बोटांच्या ठशासारखा दिसतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. म्हणजे डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं. लिंबू स्वयंपाकात घ्या, सरबतात घ्या, हातावर नको. सोडा आणि टूथपेस्ट यांनाही तोच नियम.

*खाज.* जिथे खाजवलं तिथे डाग, ही सावळ्या त्वचेची रीतच आहे. सुरण, अळू, शेवळं चिरताना हात खाजतात, कारण त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आधी हाताला खोबरेल तेल लावा, भाजी कोरडीच चिरा, नंतर चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्याने हात धुवा. आरेसारख्या रानात पावसाळ्यानंतर सहलीला गेलात तर खाजकुइलीच्या तपकिरी, मखमली शेंगांपासून मुलांना दूर ठेवा. कुस लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, मग धुवा. डास चावला तर खाजवण्याऐवजी गार पाण्याची पट्टी ठेवा. आणि बिब्ब्याचं तेल अंगाला लावू नका. त्याने फोड येतात आणि काळे व्रण राहतात.

*साबण, अंगठी, बांगड्या.* अंगठीखाली, बांगड्यांखाली काळपट, खरखरीत पट्टा दिसतो का? धुण्याभांड्यांचा साबण तिथे अडकून राहतो, पाणी वाळत नाही, त्वचा चिडते. खोट्या दागिन्यांत निकेल असेल तर पुष्कळजणींना ते सोसत नाही. काम करताना अंगठी काढून ठेवा, बांगड्या वर सारून मनगट नीट पुसा. रबरी हातमोजे घालायचे तर आत सुती हातमोजे असावेत, नाहीतर घामाने उलटंच होतं.

*काळी मेंदी.* आपली पानांची मेंदी लाल-तपकिरी रंगते आणि रंगायला तास लागतात. जी अर्ध्या तासात काळीभोर रंगते, तिच्यात बहुधा केस रंगवण्याचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने नक्षीच्या आकाराचेच फोड उठतात आणि नक्षीच्याच आकाराचे डाग राहतात. लग्नाघरी कोन आणणाऱ्या मुलींना हे मुद्दाम सांगा. मेंदी घरी भिजवलेली बरी.

*चटके.* तवा, कुकर, तळणीचा शिंतोडा. चटका बसला की लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ नको. पहिल्या वीस मिनिटांत केलेलं हे काम पुढच्या सहा महिन्यांचा डाग हलका करतं.

ती बिनानावाची डबी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. डाग "आठवड्यात" घालवणारी म्हणून जी क्रीम मिळतात, त्यांत बहुधा दोन शत्रू दडलेले असतात.

पहिला शत्रू स्टेरॉइड. हे औषध वाईट नाही. डॉक्टरांनी ठरावीक रोगावर, ठरावीक दिवसांसाठी दिलं तर ते गुणकारी आहे. पण गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने चोळलं की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात. आणि ऐका, त्या जागी केसही वाढतात! डाग घालवायला गेलो आणि लव वाढवून बसलो, अशी गत होते. अशा मिश्रणांत हायड्रोक्विनोनही असतं. ते बेताने आणि देखरेखीखाली ठीक आहे, पण वर्षानुवर्षं लावलं तर त्वचेत निळसर-काळा डाग उतरतो, तो जाता जात नाही. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडयुक्त मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही औषधाच्या दुकानात "ते अमुक मलम द्या हो" म्हणणारे आपणच असतो.

दुसरा शत्रू पारा. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून आठ दिवसांत फरक दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांवर बसतो. ही दूरदेशची गोष्ट नाही. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झालं, आणि २०२३ साली ही हकिगत वर्तमानपत्रांतून आली. एकच डबी तिघी लावत होत्या! केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट, एरवी विरळा प्रकार निघाला. आणि या १५ पैकी १३ जण गोरं होण्याचं क्रीम लावत होते. भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला कायद्याने बंदी आहे, पण चोरटा माल आणि बिनानावाची डबी कायदा वाचत नाही.

मग ओळखायचं कसं? डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर घेऊ नका. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस, मर्क्युरिक, कॅलोमेल असला शब्द असेल तर घेऊ नका. "सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये" अशी सूचना असेल तर तर मुळीच नको, कारण पारा सोन्याला धरतो. जे क्रीम तुमच्या बांगडीला चालत नाही, ते तुमच्या हाताला कसं चालेल? असं क्रीम लावत असाल आणि पायांवर, डोळ्यांभोवती सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. डबी फेकू नका, तिची तपासणी करता येते. स्टेरॉइडचं मलम बरेच महिने लावलं असेल तर एकदम बंद केल्याने आग होऊ शकते. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा.

दूध लावायचं की प्यायचं?

आरेचा विषय निघाला आणि दुधाचा नाही, असं कसं होईल! साय हाताला लावली की हात मऊ होतात, यात शंका नाही, तिच्यात स्निग्धता आहे. दह्यात बेसन कालवून हलक्या हाताने लावलं तर मळ आणि मेलेली कातडी निघते. एवढंच. त्याने डाग पुसले जात नाहीत, पण बिघडतही काही नाही.

दुधाचा खरा उपयोग पोटात आहे. बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर काळपटपणा वाढतो आहे, सोबत थकवा आहे, हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, अशी तक्रार असेल तर बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते मांस, मासे, अंडी यांत असतं, आणि शाकाहारी बाईला मिळतं ते दूध-दह्यातून. आता घरातलं दूध कुणाला जातं आठवा. मुलांना पेला, सासऱ्यांना रात्रीचं, नवऱ्याच्या चहाला. आपल्या वाट्याला पातेल्याच्या कडेची साय! रक्ताची एक तपासणी करून घ्या. कमतरता निघाली तर गोळ्या-इंजेक्शनांनी ती भरून येते आणि पेरांचा काळेपणाही हळूहळू उतरतो. आणि एक पेला दूध किंवा वाटीभर दही आपल्या नावाने बाजूला काढायला शिका.

हे डाग घरी बरे करू नका

- बोटांची पेरं, मान, काख जाड, मखमलीसारखी काळी होत असेल तर रक्तातली साखर तपासा. हे चोळून जात नाही.
- एखादी गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी गोल, जांभळट-काळा डाग उठत असेल तर तो औषधाचा आहे. गोळीचं नाव लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना सांगा.
- फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. लपवू नका.
- तळहातावर किंवा नखाखाली नवा काळा डाग, जो वाढतो आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत किंवा रक्त येतं आहे, तो लगेच दाखवा.
- तळहातांच्या रेषा काळवंडल्या, सोबत वजन उतरतं आहे आणि फार अशक्तपणा आहे, तर अंगावर काढू नका.

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत त्वचारोगांचा विभाग असतो. गोरेगाव-जोगेश्वरीकडच्यांना जुहूचं कूपर जवळ पडतं. केसपेपरचे थोडे पैसे आणि सकाळचे दोन-तीन तास. बिनानावाच्या डबीपेक्षा ते स्वस्तच!

रोजचं थोडंसं

शेवटी, फार वेळ न लागणारा दिनक्रम. सकाळी बाहेर पडताना हाताच्या पाठीला सनस्क्रीन, किंवा पूर्ण बाही. भांडी झाली की हात साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, दोन थेंब खोबरेल तेल. रात्री झोपताना ग्लिसरीन आणि गुलाबपाणी समभाग, थोडंसं हाताला चोळून. आठवड्यातून एकदा दही-बेसन. नवीन काहीही लावायचं तर आधी कोपराच्या आत, एक दिवस थांबून. आणि धीर धरा. डाग यायला एक दुपार पुरते, जायला चार-सहा महिने लागतात. त्याहून लवकर घालवतो म्हणणाऱ्याचं दुकान सोडून पुढच्या दुकानात जावं.

आणि एक डाग आणि रंग यांतला फरक. डाग म्हणजे कुठेतरी झालेली इजा, ती टाळता येते. रंग म्हणजे आपल्या कातडीने उन्हापासून आपल्याला दिलेली छत्री. ती घालवण्याचं औषध नाही आणि गरजही नाही. घरात वयात येणारी मुलगी असेल तर हे तिला आधी सांगा. तिच्या हातावरच्या लवेकडे पाहून "बाई गं, हे काय!" असं म्हणण्याआधी जिभेला आवर घाला. ती जर म्हणाली, "आई, मला काढायची आहे," तर तिला नीट रीत शिकवा. आणि तिने विचारलंच नाही, तर तिच्या हातात वही-पेन असू द्या, सायकलची मूठ असू द्या, ढोलाची टिपरी असू द्या. ते हात छानच दिसतात.